आडोशामागचे फासे

स्टेनबर्ग, विस्कॉन्सिन
१३ ऑक्टोबर १९८६

व्हॉन,

तुझं मासिक पोचलं. तिन्ही प्रती पोचल्या. माझी मी वाचली आणि साबणाने हात धुतले. उगाच वाढवून सांगत नाही, खरंच धुतले.

डॅडच्या प्रतीवर तू सही करून पाठवलीस, ‘माझ्या पहिल्या खेळाडूला’. तुला वाटलं असणार, म्हातारा चित्रं बघेल, मुलाचं नाव छापून आलं म्हणून खूश होईल आणि मासिक फ्रिजवर ठेवून देईल. अरे, ज्या माणसाने एकतीस वर्षं कारखान्यात लेथ चालवला आणि प्रत्येक लेथचं माहितीपुस्तक मलपृष्ठापर्यंत वाचलं, तो पोटच्या पोराचा लेख अर्धवट सोडेल होय? चष्मा लावून, ओळीखाली बोट ठेवून त्यांनी तो वाचला. काल रविवारी, खेळाच्या टेबलावर, माझ्या आणि डोलोरेसच्या समोर, मोठ्याने.

तू काय लिहिलंयस ते तुलाही एकदा ऐकू दे. ‘माझ्या टेबलावर ई नावाचा एक म्हातारा लेथ कामगार होता. खिशातला कॅल्क्युलेटर त्याला धड वापरता येत नसे. पण खेळात प्रत्येकजण एकेक पात्र वठवतो, आणि त्याचं पात्र म्हणजे आकाशगंगेतला सर्वांत हुशार संगणकवाला. का? कारण संगणकाचे फासे सूत्रधाराने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकायचे असतात, आणि मी त्याला हरलेला फासा कधी दाखवलाच नाही. तीन वर्षं तो दर रविवारी हजर, येताना केक घेऊन. सूत्रधारांनो, खूश खेळाडू परत येतो.’

डॅड थांबले. म्हणाले, “ई म्हणजे कोण?”

डोलोरेस बेकरीत चाळीस वर्षं गिऱ्हाइकं सांभाळून तयार झालेली बाई, तीसुद्धा क्षणभर गडबडली. “एडगर असेल. नाहीतर अर्विन... नाही, त्याचं अ. तुझं इंग्रजी स्पेलिंग ई वरून म्हणून काय झालं? विस्कॉन्सिनात ई काय एकच आहे का, आयनर? आपल्या चर्चच्या तळघरात उभी राहिले तर पाच दाखवीन.”

“केक आणणारे किती?” डॅडनी विचारलं.

डॅडनी आपला कागद पुढे ओढला. त्यांच्या पात्राचा, हॅल्वरचा, अवकाशजहाजावरच्या संगणकवाल्याचा, तीन वर्षं वापरून कडा मऊ पडलेला कागद. तू खेळ मांडलास तेव्हा हॅल्वरचं संगणक कौशल्य चाळीस टक्के होतं. दहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, लाल दशकाचा, पांढरा एककाचा, आणि चाळीस किंवा खाली आलं की जमलं. जमलं की पेन्सिलने खूण, आणि खूण झाली की दिवसाच्या शेवटी कौशल्य थोडं वाढवायची संधी. असं करत करत चाळीसाचे एक्क्याण्णव झाले होते. डॅडनी खोडरबर घेतला आणि ते एक्क्याण्णव खोडले. त्या जागी काही लिहिलं नाही. कोट घालून ते निघून गेले, केक तसाच राहिला.

आता मुद्द्याचं. ऑगस्टपासून ते तंत्र महाविद्यालयात संगणकावर चालणाऱ्या लेथचा वर्ग करतायत, मंगळवार-गुरुवार दुपारी, विशीतल्या पोरांच्या रांगेत बसून. परीक्षा तेरा डिसेंबरला. आज सकाळी फोन केला तर म्हणाले, “उद्यापासून जाणार नाही.” कारण विचारलं तर फोन ठेवला.

हे निस्तर. तू केलंस, तूच निस्तर.

लोरीन

२८ ऑक्टोबर १९८६

व्हॉन,

चार पानं. मी लिहिलं डॅडबद्दल आणि तू मला चार पानं नियम शिकवतोस. शाब्बास!

म्हणे, दार फोडताना खेळाडूने फासा स्वतः टाकावा, कारण दार फुटलं की नाही ते त्याला दिसतंच. पण संगणकाने दिलेली माहिती खरी की खोटी ते माणसाला कळत नाही, म्हणून तो फासा सूत्रधाराने लपवून टाकायचा. शंभरात शेवटचे पाच, शहाण्णवपासून पुढचे, आले तर यंत्र खोटं उत्तर देतं आणि ते खऱ्यासारखंच दिसतं. माहीत आहे, बाबा. हा नियम मी लिहिलाय. अनोळखी यंत्र असेल तर वीस वजा, पहारा असेल तर तीस वजा, घाई केली तर आणखी दहा, हे सगळं मी लिहिलं, कारण आपल्या घरात पगारासाठी संगणकापुढे बसणारी मीच होते. काउंटीच्या कचेरीत जमिनीच्या नोंदी सात वर्षं भरतेय. तू तेव्हा ‘संगणक’ म्हणजे भिंतीवर लुकलुकणारे दिवे समजत होतास. एका फाशात जहाज चालवायचं, तिजोरी उघडायची, शत्रूची पत्रं वाचायची. मीच ओरडले होते की अरे, नोंदी भरणाऱ्या बाईला जहाज चालवता येत नाही. आठवतं?

आणि फासा लपवायचा तो खेळाडूला शंका राहावी म्हणून. त्याने उत्तर हातात घेऊन विचार करावा, यावर विसंबू की नको, त्यातच तर मजा. तू शंकाच काढून टाकलीस. वर तेच शहाणपण आता सगळ्या देशापुढे पाजळतोयस.

डॅड चार तास बुडवून बसलेत. वर्गाचे मास्तर, बॉक म्हणून आहेत, त्यांनी स्वतः घरी फोन केला. मी तिथेच होते. त्यांचा आवाज फोनमधून टेबलापर्यंत येत होता. “आयनर, तुम्ही माझे सगळ्यात चांगले विद्यार्थी आहात. उत्तम चाललं होतं तुमचं. काय झालं?”

डॅड म्हणाले, “काही नाही. धन्यवाद.” फोन ठेवून माझ्याकडे वळले. “हॅचही असंच म्हणायचा.”

हॅच तुला आठवत असेल. नसेल तर आठवण करून देते, कॅलिफोर्नियाच्या उन्हात माणूस विसरतो. त्र्याऐंशी साली कारखान्यात संगणकाचे लेथ आले. जुन्या लोकांना तीन आठवडे शिकवणी. हॅच साहेब रोज डॅडच्या मागून जाताना खांद्यावर थाप मारायचा, “झकास चाललंय, आयनर.” तिसऱ्या शुक्रवारी पाकीट दिलं, त्यात लिहिलेलं, अपात्र. पहिल्या दिवसापासून त्याच्या वहीत तेच लिहिलेलं होतं. डॅड नोकरी गेल्याचं कधी फारसं बोलले नाहीत, पण त्या थापेचं अजून बोलतात.

आता त्यांना कोणीही चांगलं म्हटलं की ते त्या माणसाच्या हातामागे काय आहे ते बघायला लागतात. परवा डोलोरेस म्हणाली, “आयनर, नवा स्वेटर शोभतो तुला.” तर म्हणाले, “खरं की आडोशामागचं?” ती बिचारी बेकरीत जाऊन रडली.

त्यांना पत्र लिही. नियम-बियम नको. चुकलो म्हणून लिही.

लोरीन

१७ नोव्हेंबर १९८६

व्हॉन,

डॅडना तुझं पत्र मिळालं. ‘जे केलं ते प्रेमापोटी.’ काय गुळगुळीत वाक्य आहे! हाताला तेल लागावं तसं लागलं ते. त्यांनी वाचलं, घडी घातली, पाकिटात परत घातलं आणि पाकीट मला दिलं. “तुझ्याकडे ठेव,” म्हणाले. हरणांच्या शिकारीचा मोसम शनिवारी सुरू होतोय. बंदूक त्यांनी अजून बाहेरसुद्धा काढलेली नाही. चाळीस वर्षांत असं झालेलं नाही.

आणि मला लिहिलेल्या पत्रात तू खाली एक ओळ टाकलीस. ‘सुरुवात कोणाच्या सांगण्यावरून झाली ते त्यांना सांगितलंस का?’

नाही सांगितलं.

बरं, लिहूनच टाकते. त्र्याऐंशीचा नोव्हेंबर. कारखाना सुटून दोन महिने झाले होते, डॅड दिवसभर गॅरेजमध्ये बसून असायचे, हातात काही नाही. आपण त्यांना ओढून टेबलावर आणलं. त्यांनी सगळ्यांतून संगणकवालाच निवडला. तेव्हा तू हसलास, मी नाही. पहिल्याच रविवारी हॅल्वर तीनदा हरला. तिसऱ्यांदा डॅड म्हणाले, “इथेही मेलं तेच.” आणि हसले. ते हसणं मला बघवलं नाही. तू भांडी धुवायला उठलास तेव्हा मी स्वयंपाकघरात येऊन तुला म्हटलं, “पुढचा फासा काहीही पडू दे, जमलं म्हण.” तू म्हणालास, “ते खेळाच्या विरुद्ध आहे.” मी म्हटलं, “खेळ गेला खड्ड्यात.”

म्हणजे तेव्हा तुला लाज होती. मी ती काढून घेतली.

आणि एप्रिलपासून तू नाहीस. आडोसा माझ्यासमोर असतो, फासे मीच टाकते. मे महिन्यात हॅल्वरने चोरांच्या जहाजाचं कुलूप उघडलं, त्यावर डॅडनी दोन आठवडे सगळ्यांना पिडलं, ते तुला फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं मी. त्या दिवशी शहाण्णव पडले होते. हॅल्वर मरायला हवा होता, त्याच्याबरोबर आम्ही सगळेच.

तुझी किळस येते ती येतेच, ती काही कमी झालेली नाही. तू तो माणूस छापून विकलास, मी नाही विकला. पण ऑक्टोबरपासून मी नाकाने कांदे सोलतेय, आणि माझ्याच हाताला वास येतोय.

थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला त्यांना सांगणार आहे.

लोरीन

१ डिसेंबर १९८६

व्हॉन,

सांगितलं. टर्की कापायच्या आधी सांगितलं, कारण नंतर धीर झाला नसता. डोलोरेसने बटाट्यांचं भांडं उचललं आणि उगाचच स्वयंपाकघरात घेऊन गेली.

डॅडनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “एप्रिलपासूनसुद्धा?”

“हो.”

“कुलूप?”

“शहाण्णव पडले होते.”

त्यांनी सुरी खाली ठेवली. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं माझ्याकडे बघत राहिले, जुन्या ओळखीच्या दुकानात नासका माल निघावा तसं. मग म्हणाले, “हॅचला निदान पगार मिळायचा त्याचा.”

काल रविवारी मात्र ते आले. केक नव्हता. आल्या आल्या त्यांनी पुठ्ठ्याचा आडोसा उचलला, दोन्ही पायांनी तुडवून सपाट केला आणि शेगडीशेजारच्या रद्दीत घातला. बसून नवा कागद काढला. हॅल्वर, संगणक, चाळीस टक्के. म्हणाले, “फासे मी टाकणार. टेबलाच्या मधोमध. आणि वजाबाक्या सगळ्या लाव, एकही विसरू नकोस.”

मी म्हटलं, “पण मग माहिती खरी की खोटी ते तुम्हाला आधीच कळेल. खेळातली गंमत...”

“मला तीन वर्षं पुरेल एवढी गंमत झाली आहे, पोरी.”

डोलोरेसची खेळातली बाई, डॉक्टर झोशा, जहाजाच्या मागच्या कोठडीत अडकली होती. तिथली हवा संपत चाललेली. दार संगणकावर. अनोळखी यंत्र, वीस वजा. म्हणजे वीस किंवा खाली हवेत. डॅडनी टाकले, चौऱ्याहत्तर. परत टाकले, साठ. डोलोरेस म्हणाली, “आयनर, माझी बाई आत गुदमरतेय. जरा फुंकर मारून टाक ना!” घाईचे दहा आणखी वजा झाले. डॅडनी फासे हातात बराच वेळ खुळखुळवले. एक्क्याऐंशी.

झोशा मेली. डोलोरेसने तीन वर्षं वाढवलेली बाई. ती उभी राहिली, “मेल्या, तुझ्या त्या यंत्राला गंज लागो!” म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. डॅड म्हणाले, “मला वाईट वाटतं, डोलोरेस.” पण चेहऱ्यावर रंग आला होता, गेल्या दीड महिन्यात पहिल्यांदा. कोरा कागद त्यांनीच तिच्यापुढे सरकवला.

जाताना दारात थांबले. बूट चढवत, वर न बघता विचारलं, “आणि तो बॉक? त्याच्याशी काही बोलली होतीस तू?”

मी म्हटलं, “नाही.”

“खरं?”

“खरं, डॅड.”

“मग मंगळवारी जातो.”

आता ऐक. सप्टेंबरमध्ये मी कामावरून अर्धा दिवस सुट्टी घेऊन तंत्र महाविद्यालयात गेले होते. बॉकला भेटले. म्हटलं, माझे वडील येतात तुमच्याकडे, एकदा फार वाईट तोंडघशी पडलेत, जरा सांभाळून घ्या, चांगलं बोलत जा. भला माणूस आहे तो. म्हणाला, “काळजी करू नका.”

हे मी डॅडना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते उद्या गेले नसते. तुझ्यासाठी जेवढे वाईट शब्द होते ते सगळे मी पहिल्या पत्रात वापरून टाकले, आता स्वतःसाठी शोधतेय तर सापडत नाहीत.

लोरीन

१४ डिसेंबर १९८६

व्हॉन,

काल परीक्षा झाली. तुला फोन करणार होते, पण फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस.

परीक्षा अशी होती. आकडे यंत्रात भरायचे, पोलादाचा एक दांडा कातायचा, जाडी अर्धा इंच. एक हजारांश इंच इकडे किंवा तिकडे चालतं, त्यापलीकडे नाही. वेळ दोन तास. तीन वाजता डॅडचा ट्रक माझ्या अंगणात वाजला. मी खिडकीतून बघत होते. उतरायला त्यांना बराच वेळ लागला.

आत आले, कोट न काढता टेबलाशी बसले. एका खिशातून दांडा काढला, दुसऱ्यातून जाडी मोजायचं आपलं मायक्रोमीटर, पिवळ्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेलं. दोन्ही माझ्यासमोर ठेवलं.

“बॉकने मोजलं,” म्हणाले. “मोजून म्हणाला, पास. हात पुढे केला मिळवायला. मी म्हटलं, थांबा, मी मोजतो. तर म्हणाला, कशाला आयनर, झालं की, अभिनंदन. मी मोजलं. मग त्याच्याकडे बघितलं, तर तो जमिनीकडे बघत होता.” ते जरा थांबले. “तू गेली होतीस त्याच्याकडे.”

“हो. सप्टेंबरमध्ये.”

“आणि त्या दिवशी दारात मला तोंडावर नाही म्हणून सांगितलंस.”

“हो.”

माझी मान खाली. मला वाटलं, आता उठून जातील आणि मग रविवारही नाहीत, काहीच नाही. त्यांच्या जागी मी असते तर गेले असते. माझं सगळं अंग लाजेने चिकट झालं होतं, व्हॉन, आंघोळ करूनही न जाणारं.

“बॉकला म्हटलं, तो पासचा कागद फाडा,” डॅड म्हणाले. “तो म्हणाला, मर्यादेवरच्या दोन हजारांशासाठी कोण एवढं करतं? मी म्हटलं, ज्याला हा दांडा यंत्रात बसवायचा असतो तो करतो. समोर फाडायला लावला. मार्चमध्ये परत आहे परीक्षा. मास्तर दुसरा मागितलाय, पलीकडच्या गावचा. त्याच्याकडे जाऊ नकोस.”

“नाही जाणार.”

“आता मोज.”

मला ते मायक्रोमीटर नीट धरताही येत नव्हतं. त्यांनी शिकवलं नाही, मदतीला हात पुढे केला नाही, नुसते वाट बघत बसले. मी दोनदा चुकले. तिसऱ्यांदा आकडा वाचला.

“अर्धा इंच आणि वर तीन हजारांश.”

“चालतं किती?”

“एक.”

“म्हणजे?”

माझ्या तोंडात शब्द आले होते. या वयात, पहिल्याच खेपेला, केसाएवढ्या फरकाने. सगळे खरे होते ते शब्द, एकही खोटा नव्हता, आणि मी तोंड उघडलंच होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

“नापास,” मी म्हटलं.

“परत म्हण.”

“नापास, डॅड.”

त्यांनी मान हलवली. मग उठून कोट काढला, खुर्चीच्या पाठीला लावला आणि जेवायला काय आहे ते विचारलं.

लोरीन